ताम्रपटावरची दिल्ली

एखाद्या नगराचा इतिहास लिहिणे आणि त्या नगराचे चित्र काढणे, ही दोन कामे वरवर पाहता अगदी भिन्न वाटतात. इतिहासकार घडलेले सांगतो, चित्रकार दिसलेले दाखवितो. परंतु जे दिसते त्यातील काय घ्यावयाचे आणि काय वगळावयाचे, हा निवाडा चित्रकारालाही करावाच लागतो. आणि त्याने जे वगळले ते पाहणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीची जी चित्रे ताम्रपटावर कोरली गेली, ती या दृष्टीने पुन्हा एकवार पाहण्याजोगी आहेत. मराठी माणसाला तर तसे पाहण्याचे विशेषच कारण आहे.

नगरदृश्ये ताम्रपटावर कोरून त्यांचे ठसे विकण्याची प्रथा इटलीत चांगलीच बहरली होती. युरोपातील सुखवस्तू घराण्यांतील तरुण शिक्षण पुरे झाले म्हणजे इटलीची यात्रा करीत आणि परतताना रोम किंवा व्हेनिसची चित्रे आठवण म्हणून बरोबर नेत. या कलेचा मोठा स्वामी म्हणजे जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी. १७२० मध्ये जन्मलेल्या आणि १७७८ मध्ये मृत्यू पावलेल्या या कलावंताने रोममधील प्राचीन वास्तूंची शेकडो चित्रे कोरली. त्याच्या चित्रांतील भग्न कमानी आभाळाला भिडतात आणि त्यांच्या पायथ्याशी वावरणारी माणसे मुंगीएवढी दिसतात. पडक्या वास्तूकडे आदराने, काहीशा भयानेही पाहण्याची दृष्टी त्याने युरोपला दिली. रोमचे अवशेष असे घरोघर पोहोचल्यावर पूर्वेकडील अवशेषांविषयी कुतूहल वाढावे, हे स्वाभाविकच होते.

ते कुतूहल पुरविण्यासाठी इंग्लंडहून जे चित्रकार हिंदुस्थानात आले, त्यांत टॉमस डॅनियल व त्याचा पुतण्या विल्यम यांचे स्थान फार वरचे आहे. टॉमसचा जन्म १७४९ चा, विल्यमचा १७६९ चा. १७८५ मध्ये घर सोडले तेव्हा पुतण्या अवघा पंधरा-सोळा वर्षांचा होता. चीनमार्गे ते १७८६ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथे त्या नगरीची बारा दृश्ये कोरून त्यांनी प्रवासापुरता पैसा उभा केला आणि १७८८ मध्ये गंगेच्या प्रवाहाविरुद्ध नावेने उत्तरेचा मार्ग धरला. पुढे खुष्कीने आग्रा आणि मथुरा करीत, १७८९ च्या फेब्रुवारीत ते दिल्लीस आले. विल्यम हॉजेस हा चित्रकार त्यांच्या आधी हिंदुस्थानात येऊन गेला होता. परंतु त्याची मजल आग्र्यापर्यंतच गेली होती. हॉजेसची चित्रे डॅनियल चुलता-पुतण्यांनी प्रत्यक्ष स्थळांशी ताडून पाहिली आणि त्यांत त्यांना पुष्कळ चुका आढळल्या. आपली चित्रे अचूक असावीत, हा त्यांचा कटाक्ष होता. त्यासाठी ते कॅमेरा ऑब्स्क्युरा नावाची अंधारी पेटी वापरीत. पेटीच्या भिंगातून समोरच्या वास्तूची प्रतिमा आत पडे आणि तिच्यावरून पेन्सिल फिरवून घुमटाची गोलाई, कमानीची उंची हुबेहूब टिपता येई.

अशा रेखाटनांचे गाठोडे घेऊन ते १७९४ मध्ये मायदेशी परतले. त्यानंतरचे काम अधिक चिकाटीचे होते. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणा-राळेचा थर द्यावयाचा, त्यावर सुईने चित्राच्या रेषा ओढावयाच्या आणि पत्रा तेजाबात बुडवावयाचा. जेथे सुईने थर काढला असेल तेथेच तेजाब तांबे खाते आणि बारीक चर पडतात. त्या चरांत शाई भरून ओलसर कागदावर दाब दिला की ठसा उमटतो. कागदावर चित्र उलटे उतरत असल्याने पत्र्यावर ते आधी उलटे काढावे लागते. या अम्लरेखनात रेषा मिळते, पण छाया मिळत नाही. म्हणून डॅनियलांनी त्याला ॲक्वाटिंटची जोड दिली. या पद्धतीत पत्र्यावर राळेची भुकटी पसरून तो तापवितात. भुकटीचे कण पत्र्याला चिकटतात आणि कणांमधल्या जागेत तेजाब शिरते. जेथे उजेड हवा तेथे रोगण लावून पत्रा पुन्हापुन्हा बुडविला, म्हणजे फिक्या राखाडीपासून दाट काळ्यापर्यंत सर्व छटा साधतात. शेवटी ठशावर हाताने जलरंग भरीत. १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी अशी १४४ चित्रे सहा भागांत प्रसिद्ध केली. ‘ओरिएंटल सीनरी’ या नावाने ती ओळखली जातात.

या मालेतील दिल्ली मोठी देखणी आहे. जामा मशिदीचा पूर्व दरवाजा आहे, शेरशहाच्या किल्ल्याचे पश्चिमद्वार आहे, फिरोजशहाच्या कोटल्यानजीकचे अवशेष आहेत, हुमायूनच्या कबरीजवळचा प्रदेश आहे. सवाई जयसिंहाची वेधशाळा आहे आणि कुतुबमिनारही आहे. या चित्रांचे मोल केवळ देखणेपणात नाही. १८०३ च्या सप्टेंबरात झालेल्या भूकंपात कुतुबमिनाराचा माथ्यावरचा घुमट कोसळला. डॅनियलांनी मिनार पाहिला तो त्याच्या चौदा वर्षे आधी. यमुनेच्या काठचा कुदसिया बाग बादशहा अहमदशहाच्या आईने १७४८ च्या सुमारास उभारला. डॅनियलांच्या चित्रात त्या बागेतील प्रासाद नदीवर उभा दिसतो. १८५७ च्या युद्धात इंग्रजांनी या बागेत तोफांचे मोर्चे बांधले. आज काश्मिरी दरवाजाबाहेर तेथे एक दरवाजा, एक मशीद व एखादी बारादरी एवढेच शिल्लक आहे, आणि नदीही दूर सरकली आहे. तो प्रासाद कसा होता हे जाणून घ्यावयाचे तर या ठशाकडेच वळावे लागते. जे दगडाला टिकविता आले नाही ते कागदाने टिकविले.

परंतु ही चित्रे ज्या वसंतात रेखाटली गेली, त्या वसंतात दिल्लीची अवस्था काय होती? १७८८ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे जेमतेम सहा महिन्यांपूर्वी, रोहिला सरदार गुलाम कादिर याने लाल किल्ल्यात वृद्ध बादशहा शहाआलमचे डोळे काढले होते. राजवाडा लुटला गेला होता. जनान्याची विटंबना झाली होती. ऑक्टोबरात महादजी शिंद्यांच्या फौजांनी राणेखानाच्या नेतृत्वाखाली दिल्ली सोडविली, अंध बादशहास पुन्हा तख्तावर बसविले आणि गुलाम कादिरचा पाठलाग करून त्याला पकडले. १७८९ च्या मार्चात त्याला देहान्त शासन झाले. ‘वकील-इ-मुतलक’ या अधिकारपदामुळे बादशाहीचा कारभार १७८४ पासून शिंद्यांकडेच आला होता, आणि त्यांची छावणी तेव्हा मथुरेस होती. सारांश, डॅनियल ज्या दिल्लीत आपली पेटी मांडून बसले, ती नुकत्याच पुसलेल्या रक्ताची आणि मराठ्यांच्या पहाऱ्यातली दिल्ली होती.

चित्रांत यांपैकी काही नाही. तेथे ऊन कोवळे आहे, आभाळ स्वच्छ आहे, कमानीच्या सावलीत चार वाटसरू विसावले आहेत, एखादा हत्ती संथपणे चालला आहे. नगर जणू शतकानुशतके असेच निद्रिस्त आहे आणि त्याचा कोणी धनी नाही, असा भास होतो. यात लबाडी होती असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. इंग्लंडमध्ये तेव्हा रम्य दृश्याचा एक ठराविक साचा रूढ होता आणि ग्राहकही तेच मागत होते. पिरानेसीच्या भग्नावशेषांत निदान काळाचा क्रूर हात दिसतो. डॅनियलांच्या चित्रांत तोही मवाळ झाला आहे. पण परिणाम व्हावयाचा तो झालाच. हीच दृश्ये पुढे इंग्लंडमधील चिनी मातीच्या ताटांवर छापली गेली, फ्रान्समध्ये भिंतींवर चिकटविण्याच्या कागदांत उतरली. ब्रायटनच्या राजप्रासादाच्या घडणीतही त्यांची छाया पडली. रिकामे, सुंदर आणि बेवारस वाटणारे हिंदुस्थान परदेशी माणसाच्या जेवणाच्या टेबलावर जाऊन बसले. ही माला प्रसिद्ध होत असतानाच, ११ सप्टेंबर १८०३ रोजी, दिल्लीजवळच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि ते नगर इंग्रजांच्या ताब्यात गेले.

वेरूळच्या बाबतीतही असेच एक मौन आढळते. या मालेतील चोवीस चित्रे वेरूळच्या लेण्यांची आहेत. १७९५ मध्ये निवर्तलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने ती सिद्ध केली, आणि त्या दोघांची नावे त्यांवर आहेत. परंतु त्याच वर्षांत वेरूळची लेणी कागदावर उतरविणारा एक मराठी हात होता, तो पुण्याच्या गंगाराम तांबट याचा. पेशवे दरबारचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्याने काढलेली चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. डॅनियलांचे नाव जगाला ठाऊक आहे. गंगारामाचे त्याच्या पुण्यातही कितीकांना ठाऊक असेल?

मग ही चित्रे टाकून द्यावीत काय? मुळीच नाही. कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये डॅनियलांच्या कृतींचा मोठा संग्रह आहे आणि तो आवर्जून पाहावा असाच आहे. मात्र पाहताना त्या चित्रांशेजारी एक मराठी ग्रंथ उघडून ठेवावा. पेशव्यांचे वकील दिल्लीहून जी पत्रे पाठवीत, ती द. ब. पारसनीसांनी ‘दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे’ या ग्रंथात छापली आहेत. चित्रात कमान, घुमट आणि नदीचा काठ आहे. पत्रांत पैशाची तंगी, फौजांच्या हालचाली, दरबारातील कारस्थाने, म्हणजे जित्याजागत्या माणसांची धडपड आहे. ते पत्रलेखक चित्रकार नव्हते, आणि त्या चित्रकारांना राजकारणाचे सोयरसुतक नव्हते. एकाने वास्तू जपली, दुसऱ्याने माणसे जपली. ताम्रपटावरच्या त्या शांत दिल्लीत आवाज भरावयाचा असेल, तर तो मोडी लिपीतल्या या कागदांतून भरता येतो. आणि ते कागद वाचण्याचे सामर्थ्य मराठी वाचकाइतके दुसऱ्या कोणापाशी असणार?