हिवाळ्यातील रामेश्वर

दिवाळी सरली की मराठी माणसाला प्रवासाचे वेध लागतात. पाऊस संपला, आता वाटा कोरड्या, ही आपली पिढीजात समजूत. वेस्ट मांबलममध्ये राहून मीही मोटारीने रामेश्वरचे बेट पाहण्याचा बेत डिसेंबरचा आखला, तेव्हा शेजारचे वृद्ध तमिळ गृहस्थ म्हणाले, “पोंगल होऊ द्या.”

त्यांचे म्हणणे खरे होते. महाराष्ट्राला नैर्ऋत्येचे वारे भिजवतात. या किनाऱ्याचा मुख्य पाऊस ईशान्येच्या वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. सिसिली, सायप्रस या भूमध्य समुद्रातील बेटांवरही हिवाळा हाच पावसाळा असतो. १९६४ च्या डिसेंबरात चक्रीवादळाने याच बेटाच्या टोकावरील धनुष्कोडी उद्ध्वस्त केले. प्रवाशांसह आगगाडी समुद्राने गिळली.

आता जानेवारीअखेर निघायचे ठरले आहे. पहिला मुक्काम तंजावरला, सरस्वती महालातील मराठी हस्तलिखितांच्या सान्निध्यात. मग १९८८ साली खुल्या झालेल्या रस्त्याच्या पुलावरून बेटावर, आणि शेवटी धनुष्कोडीच्या भग्न भिंतींपाशी.

श्रोतेहो, परमुलखात आपले पंचांग जरूर न्यावे. ऋतू मात्र तेथल्या माणसांना विचारावा.