मोबाईलची पाटी आणि आपला ‘ळ’
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे नाव पुकारले तेव्हा मी आत चिवड्याच्या पुड्या बांधीत होते. सातवी शिकलेल्या बाईने शिक्षणावर काय बोलावे, असे मी अध्यक्षबाईंना म्हटलेही. त्या म्हणाल्या, “नातीला अक्षरे कशी शिकवली तेवढेच सांगा.” तेवढेच सांगते.

नात पाच वर्षांची. मुलगी व जावई दोघेही कामावर जातात, म्हणून ती दिवसभर माझ्यापाशी असते. जावयांनी जुन्या मोबाईलमध्ये अक्षरे शिकविणारे एक अ‍ॅप घालून दिले. काचेवर ठिपक्यांचे अक्षर येते, त्यावरून मुलाने बोट फिरवावयाचे. जमले की टाळ्या वाजतात, फुगे उडतात. महिन्याभरात पोर बहुतेक अक्षरे ओळखू लागली. मला मोठे कौतुक वाटले. आमच्या वेळी टाळ्या कुठल्या, छडी मात्र होती.

माझी भाची सिंगापुरात असते. तिचा मुलगा शाळेत चिनी शिकतो, तोही मोबाईलवरच गिरवतो. भाची सांगत होती की, चिनी अक्षर म्हणजे आपल्यासारखा नुसता आवाज नव्हे, त्याला अर्थही असतो. झाडाचे एक चिन्ह. तीच दोन शेजारी काढली की राई, तीन काढली की दाट अरण्य. चीनमधल्या मुलांना प्राथमिक शाळा संपेपर्यंत अशी सुमारे 3000 अक्षरे ओळखता यावी लागतात! आपली पन्नास-बावन्न आठवून मला हायसे वाटले. पण तिचे आणखी एक बोलणे मनात राहिले. त्या अक्षरांत कोणती रेघ आधी आणि कोणती मागून, याचा नियम असतो. आणि मुलाने क्रम चुकविला तर त्याचे अ‍ॅप पुढे जाऊच देत नाही.

मग मी नातीजवळ बसून पाहिले. ती ‘क’ची वरची आडवी रेघ आधी ओढी आणि बाकीचे अक्षर तिला खालून कसेबसे टांगून ठेवी. आमच्या अ‍ॅपला त्याचे काही नव्हते, टाळ्या ठरलेल्याच. वहीवर मात्र अक्षर उतरेना. काच गुळगुळीत, तिच्यावर बोट आपोआप घसरते. पेन्सिल धरावी लागते, दाबावी लागते, ते त्या बोटांना ठाऊकच नव्हते.

अशात तान्हा पोळा आला. लाकडी बैल सजवला, बोजारा मागायला जाण्याची तयारी झाली. नातीला बैलाच्या गळ्यात ‘पोळा’ लिहून चिठ्ठी बांधावयाची होती. मोबाईल घेऊन आली नि म्हणाली, “आजी, यात पोळ्याचं अक्षरच नाही ना!” पाहते तो खरेच ‘ळ’ नाही. अ‍ॅप हिंदीच्या तक्त्यावरून केलेले. त्यातला ‘ल’सुद्धा आपला दोन पाकळ्यांचा नव्हे, उभ्या रेघेचा. मराठीतला ‘ल’ आणि ‘श’ कसा लिहावा हे शासनाने 2009 साली ठरवून दिले आहे. ‘अ‍ॅ’ आणि ‘ऑ’ही तेव्हाच वर्णमालेत घेतले, म्हणून हल्ली शाळेत बाराखडीची चौदाखडी झाली. आयांनी अ‍ॅप घेताना निदान ‘ळ’ आहे का, एवढे पाहावे.

चिठ्ठी मी लिहून दिली. “वाच,” म्हणाली. मी वाचले, “पोया.” ती हसली नाही. तिनेही मोठ्याने म्हटले, “पोया!”

भगिनींनो, त्या दिवशी मला जेवण गेले नाही. माझ्या माहेरी सगळे डोया, काया, पोयाच म्हणत. पाचवीत असताना गुरुजींनी मला उभे करून ‘डोळा’ दहा वेळा म्हणावयास लावले. दहाही वेळा ‘डोया’च आले आणि वर्ग हसला. त्यानंतर मी कधी मोठ्याने वाचले नाही. सातवीनंतर शाळा सुटली त्याचे घरच्यांना वाईट वाटले, मला सुटका वाटली. आईची ती बोली चूक होती असे मी आजही म्हणणार नाही. पण पोरीला वहीत ‘ळ’ यावा आणि वाचताना तो तोंडातही यावा, एवढे तर मला देता यावयास हवे होते.

जावयांना सांगितले. त्यांनी गूगलचे ‘रीड अलाँग’ दाखविले. 2019 साली ते आपल्या देशात ‘बोलो’ नावाने निघाले, 2020 मध्ये नाव बदलून मराठीतही आले. गोष्ट मोठ्याने वाचावयाची, ते ऐकते. शब्द अडला तर त्यावर बोट ठेवावे, म्हणजे उच्चार ऐकविते. दुपारी नात निजली की मी दार लावून वाची. कमळ, बाळ, गूळ. माझ्या चुका त्या यंत्राखेरीज कुणी ऐकल्या नाहीत, आणि यंत्र हसत नाही. दिवाळीपर्यंत जीभ वळली.

लिहिण्यासाठी मात्र मी मोबाईल बाजूला ठेवला. परातीत रांगोळी पसरली आणि तिचे बोट धरून आधी अक्षर, मग वरची रेघ, असे गिरवून घेतले. रांगोळी बोटाला लागते, चुकले की परात हलवावी. मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीत मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत, ते याचसाठी. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी कोसबाडला शंखशिंपले-खडे घेऊन बालवाडी चालविली. परात तर आपल्या प्रत्येकीच्या घरी आहे.

नात आता ‘ळ’ काढते. जरा आडवा पडतो. घरी अजून कधी कधी आम्ही दोघी ‘पोया’ म्हणतो आणि एकमेकींकडे पाहतो.

अध्यक्षबाईंनी शनिवारी दुपारी मंडळाची खोली उघडून देण्याचे कबूल केले आहे. परात मी आणीन, मोबाईलही आणीन. रांगोळी आपापली आणावी, आणि ज्यांना स्वतःला वाचून पाहावयाचे असेल त्यांनी अर्धा तास आधी यावे. तेव्हा दार लावून घेऊ.