गावाने सांभाळलेली गाडी



माझं आजोळ परतूरजवळचं. तिथे स्टेशनला ‘ठेसन’ म्हणत आणि दिवस घड्याळावर नाही, गाडीवर मोजत. सकाळची गाडी गेली की बायका शेताकडे निघत, संध्याकाळची शिट्टी ऐकू आली की घराघरांत चूल पेटे. ती गाडी मीटरगेजची होती. मुंबईला जायचं तर मनमाडला उतरून मोठ्या गाडीत बसावं लागे. मालाची कथाही तीच. हमालांच्या पाठीवरून एका डब्यातला माल दुसऱ्या डब्यात जाई. १९९० च्या दशकात जालन्यावरून जाणारा आपला मार्ग रुंद झाला, गाडी थेट मुंबईला जाऊ लागली. ते हवंच होतं, त्यासाठी मराठवाड्याने अनेक वर्षं आवाज उठवला होता. पण जुने रूळ उचलले गेले, डबे गेले, आणि ‘छोटी लाइन’ हा शब्द तेवढा म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरला.

जुनी रेल्वे वाचते कशाने, हा आजचा प्रश्न आहे. माझं उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. रुळांच्या कडेची माणसं तिला आपलं काम समजतात, तेव्हा ती वाचते.

आधी आपल्या मार्गाकडे पाहू. मनमाडपासून सिकंदराबादपर्यंतचा हा जवळजवळ ६३० किलोमीटरचा मार्ग ‘हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे’ या नावाने निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला. त्याच सुमारास, १८९९-१९०० साली, ज्याला आपले आजोबा-पणजोबा छपन्नचा दुष्काळ म्हणत, तो मोठा दुष्काळ पडला होता. ज्या मुलखात धान्य बैलगाडीनेच यायचं, तिथे रूळ आले याचा अर्थ त्या पिढीला वेगळा सांगावा लागला नसेल. पुढे स्टेशनाजवळ जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. बदनापूर, जालना, रांजणी, परतूर, सातोना ही नावं वेळापत्रकात छापली गेली आणि खेडी एका मोठ्या जगाला जोडली गेली. १९३० मध्ये निजाम सरकारने ही रेल्वे स्वतःकडे घेतली. स्वातंत्र्यानंतर ती भारतीय रेल्वेत आली. मालक बदलत गेले. रुळांना खडी भरणारे गँगमन मात्र याच गावांतले होते.

आता मी तुम्हाला फार दूर, ब्रिटनमधल्या वेल्समध्ये नेतो. तिथे टॅलिथलिन नावाची एक चिमुकली रेल्वे आहे, सव्वासात मैलांची. डोंगरातल्या खाणीतून पाटीचा दगड समुद्रकाठच्या टायविन गावी आणायला १८६० च्या दशकात ती बांधली गेली. १९४६ मध्ये खाण बंद पडली. तरी मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी शब्द दिला होता, ‘मी जिवंत असेपर्यंत गाडी धावेल’, आणि तो त्यांनी पाळला. १९५० मध्ये ते वारले. त्या वेळी रूळ जागच्या जागी राहिले होते ते कुजक्या स्लीपरपेक्षा वाढलेल्या गवताच्या मुळांमुळे. चालण्याजोगं इंजिन एकच उरलं होतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लेखक टॉम रोल्ट यांच्या पुढाकाराने बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा भरली. जमलेल्यांनी ठरवलं की ही रेल्वे आपण चालवायची. मालकाच्या पत्नीने विश्वासाने रेल्वे त्यांच्या हाती दिली. १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांनी पहिली गाडी सोडली. शेजारची कॉरिस रेल्वे बंद पडली होती. तिच्या रुळांची रुंदी तेवढीच, म्हणून तिची दोन इंजिनं विकत घेतली. सुट्टीच्या दिवशी माणसं येत, गवत काढत, स्लीपर बदलत, बॉयलर घासत. १९७६ मध्ये त्यांनी मार्ग आणखी पुढे वाढवला. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे. तिच्यामागून ब्रिटनमध्ये अशा अनेक रेल्वे उभ्या राहिल्या. आज टॅलिथलिन २०२१ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या वेल्सच्या पाटी-दगड प्रदेशाचा भाग आहे. ज्या खोऱ्यात खाणीमागून रोजगारही गेला होता, तिथे गाडीमुळे पुन्हा माणसं येतात, राहतात, जेवतात.

या गोष्टीत एक तपशील आपल्या फार कामाचा आहे. १९४८ मध्ये ब्रिटनच्या रेल्वेंचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा टॅलिथलिन त्यातून बाहेर राहिली. म्हणूनच ती कुणाच्या तरी हाती सोपवता आली. आपल्या महाराष्ट्रातही राष्ट्रीयीकरणातून बाहेर राहिलेली एक रेल्वे आहे, विदर्भातली शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर असा सुमारे १९० किलोमीटरचा अडीच फुटी मार्ग. किलिक निक्सन या कंपनीने वऱ्हाडातला कापूस बाहेर काढण्यासाठी तो उभारला. कापूस मुंबईला जाई, तिथून जहाजाने मँचेस्टरला. गाडी ओढणारं इंजिनही मँचेस्टरलाच १९२१ मध्ये घडलेलं. सत्तर वर्षं राबून ते १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झालं आणि त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. स्वातंत्र्यानंतरही मार्ग कंपनीचा आणि गाडी आपल्या रेल्वेची, अशी व्यवस्था करारावर चालत राहिली. आज तिचे रूळ झुडपांत आहेत.

दोन रेल्वे, दोन्ही राष्ट्रीयीकरणातून सुटलेल्या. एकीला माणसं मिळाली, दुसरीला का नाही? वऱ्हाडी माणसाला तिचं प्रेम नव्हतं, असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. अचलपूर-यवतमाळच्या लोकांनी तिच्यासाठी आंदोलनं केली आहेत. फरक तीन गोष्टींचा आहे. टॅलिथलिनचा मालक त्याच खोऱ्यात राहणारा होता, शकुंतलेचा मालक दूर होता. तिथे आलेल्यांकडे सुट्टी होती, शिल्लक पैसा होता, कारखान्यात शिकलेलं कसब होतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, वेल्समधले स्वयंसेवक गाडीचे चाहते होते, शकुंतलेचे प्रवासी तिचे गरजवंत होते. एसटीचं भाडं परवडत नाही म्हणून शकुंतलेत बसणाऱ्या मजुराने तिला वारसा म्हणून जपावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्याला गाडी हवी होती, आजही हवी आहे.

अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, आपल्याला अगदी जवळ, पाचोरा-जामनेर मार्ग आहे. लोक तिथल्या गाडीला लाडाने ‘पीजे’ म्हणतात. छपन्न किलोमीटरचा हा छोट्या रुळांचा मार्ग पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झाला. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर या गावांतली मुलं तिच्यातून शाळेला गेली, शेतकरी बाजाराला गेले, भाविक शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाला गेले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली. पुढे मार्ग ब्रॉडगेज करण्याचं ठरलं. गावकऱ्यांनी ती सुरू ठेवा म्हणून मागणी केली होती आणि ब्रॉडगेजही मागितलं होतं. यात विसंगती नाही. मोठी गाडी यावी आणि जुन्या गाडीची ओळख पुसली जाऊ नये, एवढंच ते म्हणत होते.

म्हणून वारसा रेल्वेची स्वप्नं पाहणाऱ्या माझ्यासारख्याने एक पथ्य पाळलं पाहिजे. शेतकऱ्याच्या मोसंबीला, मुलीच्या कॉलेजला, रुग्णाच्या दवाखान्याला जी गाडी लागते, तिच्या आड आपला वारसा येता कामा नये. ब्रॉडगेज आधी. त्यासोबत जुन्या मार्गाचे चार-सहा किलोमीटर, एक स्टेशन, एक इंजिन गावाच्या देखरेखीखाली राहू शकतं की नाही, एवढाच प्रश्न विचारायचा. आपल्याकडे रेल्वे हा केंद्र सरकारचा विषय आहे, सुरक्षेचे नियम कडक आहेत आणि ते असायलाच हवेत. माथेरानची गाडी १९०७ पासून डोंगर चढते आहे, ती रेल्वेच चालवते. स्वयंसेवकांनी उद्या उठून इंजिन हाकावं, असं मी म्हणत नाही. पण स्टेशन सांभाळणं, रुळांच्या कडेला झाडं लावणं, वस्तू जपणं, आलेल्या पाहुण्याला गोष्ट सांगणं, यासाठी गावाइतका योग्य धनी दुसरा नाही.

‘हे आपल्याकडे होत नाही’ असं जालन्यात तरी कुणी म्हणू नये. घाणेवाडीचा तलाव आठवा. निजामाच्या काळातला तो जलाशय, नुसत्या उताराने शहराला पाणी देणारा. गाळाने तो भरत गेला. तेव्हा जालन्याच्या नागरिकांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंच उभा केला, वर्गणी जमवली, यंत्रं लावली. गाळ निघाला आणि शेतकऱ्यांनी तो स्वतः वाहून आपल्या रानात नेला. तलाव निजामाने बांधला होता, वाचवला जालनेकरांनी. गाव करी ते राव न करी, ही म्हण आपण तिथे खरी करून दाखवली. टॅलिथलिनमध्ये घडलं ते याच जातीचं होतं. दुसऱ्याने मागे ठेवलेली वस्तू आपली मानून लोकांनी तिच्यासाठी हात मळवले.

आणि आपल्याकडे वेळ साधण्याची संधीही आहे. जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. राजूर, भोकरदन, सिल्लोड, अजिंठा या बाजूची गावं पहिल्यांदा रुळांना जोडली जातील. सव्वाशे वर्षांपूर्वी आपला पहिला मार्ग आला, तेव्हा गावांनी काय अनुभवलं, याची नोंद गावांनी केली नाही. या वेळी ती करता येईल. कोणाची जमीन गेली, कोणी खडी फोडली, पहिल्या गाडीला कोण नारळ घेऊन आलं, हे सारं लिहून ठेवता येईल.

श्रोतेहो, माझं मागणं लहान आहे. तुमच्या घरात, गल्लीत रेल्वेतून निवृत्त झालेला एखादा गँगमन, पॉइंट्समन, खलाशी, तिकीट बाबू असेल. येत्या महिन्यात एक संध्याकाळ त्यांच्यापाशी बसा. छोट्या लाइनवर रात्रपाळी कशी असे, पावसात रूळ कसे तपासत, हे विचारा. मोबाइलवर आवाज टिपा. जुना कंदील, पुठ्ठ्याचं तिकीट, हिरवा-लाल झेंडा माळ्यावर पडला असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. जालन्यात एका खोलीत हे सगळं एकत्र ठेवू. टॅलिथलिनची सुरुवातही एका खोलीतल्या सभेनेच झाली होती. छोट्या लाइनवर हात घट्टे पडेपर्यंत राबलेली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे जायला उशीर करू नका.