अतिदक्षता विभागातील सूर
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या भाषणावरून)



ताळेबंद आपल्यासमोर सादर झालाच आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तथापि एका देणगीदारांनी अतिदक्षता विभागासाठी आभासी वास्तव दाखवणारे चष्मे देऊ केले आहेत. त्याविषयी चार शब्द बोलणे मला अगत्याचे वाटते.

हे साधन म्हणजे खेळणे नव्हे. अमेरिकेतील सिएटल येथे हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन यांनी १९९६ च्या सुमारास भाजलेल्या रुग्णांच्या ड्रेसिंगच्या वेळी त्याचा प्रयोग आरंभला. बर्फाच्या दरीत हिमगोळे फेकण्यात रुग्ण गुंततो आणि वेदनेकडे लक्ष कमी जाते. परंतु आपल्याकडील पुष्कळसे रुग्ण श्वसनयंत्रावर असतात, कित्येकांना भ्रम झालेला असतो. अशांच्या डोळ्यांसमोर एकाएकी दुसरेच जग उभे करणे उचित होणार नाही. शिवाय चष्मा देणगीत येतो. त्याची आवरणे व निर्जंतुकीकरण दरवर्षीच्या खर्चात येते. ही हिशेबनिसाची जुनी तक्रार समजावी.

संगीताची गोष्ट निराळी. मिनियापोलिस–सेंट पॉल परिसरातील ३७३ श्वसनयंत्रावरील रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना स्वतःच्या आवडीचे संगीत, हवे तेव्हा हेडफोनवर ऐकता आले, त्यांची धास्ती केवळ नेहमीची शुश्रूषा लाभलेल्यांपेक्षा कमी राहिली. गुंगीचे औषधही कमी लागले. ‘स्वतःच्या आवडीचे’ आणि ‘हवे तेव्हा’ हे शब्द मी मुद्दाम उच्चारतो, कारण आमची चूक तेथेच झाली होती.

आम्ही विभागात ध्वनिक्षेपक बसवून सर्वांसाठी एकच भक्तिसंगीत लावले. हेतू शुद्ध, खर्च अल्प. एक वृद्ध यंत्रमाग कामगार ते सुरू होताच मान फिरवीत. नळीमुळे त्यांना बोलता येत नव्हते. अखेर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “साहेब, सगळा जन्म मागाच्या खडखडाटात गेला यांचा. गाणं नको, जरा शांत पडू द्या.” रुग्णालयाभोवतीच्या शांतता क्षेत्रात रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. बाहेर आम्ही फलक लावला होता आणि आत यंत्रांच्या घंटानादात स्वतःच भर घालीत होतो. ध्वनिक्षेपक त्याच दिवशी उतरवला.

आता देणगीदारांच्या संमतीने चष्म्याचा एकच संच, तोही शुद्धीवरील निवडक रुग्णांसाठी डॉक्टरांच्या अनुमतीने, घेण्याचे ठरले आहे. उर्वरित रकमेतून प्रत्येक खाटेसाठी हेडफोन घेतले जातील. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा अनेक बोली नांदतात. म्हणून प्रवेशपत्रात रुग्णाची भाषा आणि ऐकण्याची आवड यांचा नवा रकाना घातला आहे. आप्तांनी तो रिकामा सोडू नये, ही विनंती. ‘काहीही लावू नये’ असे लिहिले तरी चालेल.