भेंड्यांतले पहिले अक्षर
(नेर येथे मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आजच्या दिवशी कुणी आरोग्यावर बोलते, कुणी बचतीवर बोलते. मला मात्र चिटणीसबाईंनी "तुम्ही भेंड्यांवर बोला" असे सांगितले, तेव्हा प्रथम हसूच आले. खेळावर काय भाषण करायचे? पण घरी जाऊन विचार केला तेव्हा वाटले की ह्या खेळाविषयी मला एक गोष्ट सांगायची आहेच, आणि ती सांगायला आजच्यासारखी दुसरी वेळ नाही.

भेंड्यांचा खेळ आपल्याला नवा नाही. पूर्वी शाळेत आणि घरोघरी भेंड्या व्हायच्या त्या श्लोकांच्या, कवितांच्या आणि मोरोपंतांच्या आर्यांच्या. पुढे रेडिओ आला, सिनेमा आला आणि गाण्यांच्या भेंड्या सुरू झाल्या. १९९३ साली दूरचित्रवाणीवर हिंदी गाण्यांची अंताक्षरी सुरू झाली, तेव्हापासून लहान मुलेही ह्या खेळात तरबेज झाली. नियम एवढाच, की एका पक्षाने गाण्याचे ध्रुपद म्हणावे, ते ज्या अक्षरावर संपेल त्या अक्षराने दुसऱ्या पक्षाने सुरू करावे. गाणे सुचले नाही, की भेंडी चढली!

सोपा दिसतो, पण खेळ मोठा हिशेबी आहे. हिंदी गाण्याची ओळ पुष्कळदा "है" वर संपते, म्हणून "ह" पुन्हा पुन्हा येतो. मराठी ओळी क्रियापदांवर संपतात, त्यामुळे "त" आणि "ल" यांचा पाऊस पडतो. ह्या अक्षरांची गाणी साठ्याला भरपूर हवीत. ठ, ढ, छ, झ ही अक्षरे मात्र अडचणीची. त्यांची एकदोन गाणी प्रत्येकीने गाठीला बांधून ठेवावीत आणि उगाच आधी खर्च करू नयेत. "ठ" आला तर तुलसीदासांचे बाळरामाच्या चालण्याचे भजन आहे. "छ" साठी "श्यामची आई" ह्या १९५३ सालच्या चित्रपटातले छडीचे गाणे आहे. "झ" साठी माडगूळकरांचे आगगाडीचे गाणे आहे. १९७३ साली आपल्या यवतमाळला साहित्य संमेलन झाले, त्याचे अध्यक्ष हेच माडगूळकर. आणि समोरच्या पक्षाला कोंडीत पकडायचे असेल, तर "गाठ" किंवा "वाट" अशा शब्दावर संपणारे गाणे निवडावे, म्हणजे त्यांना ठ नाही तर ट घेऊन बसावे लागते.

आपल्या भाषेत "ण" आणि "ळ" यांनी शब्द सुरूच होत नाही. गाणे त्यांवर संपले तर आपण "न" आणि "ल" देऊन सोडून देतो. माझी भाची नोकरीनिमित्त जपानात असते. ती सांगते, तिकडेही असाच खेळ आहे, त्याला शिरितोरी म्हणतात. त्यांच्यातही एक अनुनासिक अक्षर असे आहे की त्याने शब्द सुरू होत नाही. पण त्या अक्षरावर संपणारा शब्द ज्याने म्हटला, तो तिथेच हरला! आपण वाट काढून देतो, ते बाद करतात.

तिकडची तरुण मंडळी हा खेळ कराओकेवरही खेळतात. कराओके म्हणजे यंत्रातून नुसते संगीत वाजते, पडद्यावर शब्द येतात आणि आपण म्हणायचे. इनोउए दाइसुके नावाच्या वादकाने १९७१ साली कोबे शहरात असे एक यंत्र तयार केले. खेळताना गाण्याच्या नावाचे शेवटचे अक्षर धरून पुढचे गाणे निवडायचे. गाण्यांची यादी अक्षरवार तयारच असते. अक्षर काढले, की गाणी समोर. मला ही सोय फार आवडली. मग मनात आले, की त्या यंत्रात जे गाणे भरलेले नाही ते कुणी म्हणायचे? आणि मला आपली दोन वर्षांपूर्वीची कोजागिरी आठवली.

त्या रात्री आटीव दूध झाले, भुलाबाईची गाणी झाली, खिरापत ओळखून झाली आणि भेंड्या सुरू झाल्या. पंच मी होते. खेळ लांबू नये म्हणून मीच नियम सांगितला होता, की गाणी रेडिओवरची किंवा सिनेमातलीच धरली जातील. एका पक्षावर "द" आला. सगळ्या डोके खाजवीत होत्या. तेवढ्यात मागच्या सतरंजीवर बसलेल्या आपल्या मंडळातल्या सर्वांत वृद्ध मावशींनी हळू आवाजात जात्यावरची ओवी धरली. आपल्याला माहीत आहे, जात्यावरच्या ओव्या पहिली, दुसरी, तिसरी अशा मोजून म्हणतात. मावशींनी दुसरी म्हटली, म्हणजे "द" अगदी बरोबर होता. ओवी संपायच्या आत मी घंटी वाजवली आणि म्हटले, "मावशी, हे नाही चालत." मावशी म्हणाल्या, "काहून बाई? माह्या मायनं शिकवलेलं गाणं, गाणं नोहे का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. भेंडी चढली आणि खेळ पुढे गेला. मावशी त्या रात्री पुन्हा काही बोलल्या नाहीत.

मला चुटपुट लागली होती. एकदा जाऊन ती ओवी पुरती उतरवून घ्यायची, असे दहा वेळा ठरवले. मावशींचे घर माझ्या घरापासून चार घरे पलीकडे. पण तुरी आल्या, मग मुलीचे बाळंतपण आले आणि पौषात मावशी गेल्या. आज त्या ओवीतले मला "दुसरी" एवढेच आठवते. पुढे माहेराविषयी होते की भावाविषयी, तेही सांगता येत नाही. पहिली कोणती होती आणि तिसरी कोणती, हे विचारायचे राहूनच गेले. भगिनींनो, खेळाचा नियम मी तंतोतंत पाळला आणि गाणे गमावले.

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्या माणसांनी उतरवून ठेवली, म्हणून १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, ती पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत आली. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून "स्त्रीजीवन" सिद्ध केले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ही मोठी माणसे, त्यांची कामे मोठी. पण नेरच्या चार घरांतल्या ओव्या उतरवायला बाहेरून कुणी यावे, अशी वाट पाहण्यात काय अर्थ आहे? घरोघरी पिठाच्या गिरणीतून दळण येते. ज्यांनी जाते ओढले, त्या आता मोजक्याच उरल्या आहेत.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. एक जाड वही घ्यावी. प्रत्येक अक्षराला चार पाने सोडावीत. ओवी, पाळणा, भुलाबाईचे गाणे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे भजन, ज्याचे जे पहिले अक्षर त्या पानावर ते उतरवावे आणि खाली कुणाकडून मिळाले तिचे नाव लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी म्हणावे, मुलींनी लिहावे. येत्या कोजागिरीला ह्या वहीतली सगळी गाणी भेंड्यांत चालतील. पंच कुणीही असो, ओवी पुरी झाल्याशिवाय तिने घंटी वाजवू नये.

"द" चे पहिले पान मी कोरे ठेवले आहे. कुणाला मावशींची ती ओवी येत असेल, तर कार्यक्रम झाल्यावर माझ्याकडे यावे. मी पेन घेऊन दाराशीच बसणार आहे.