पाटावरचा हत्ती आणि गोदाकाठचा हत्ती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी वक्त्याने संस्थेच्या गतकाळाविषयी बोलावे, असा प्रघात आहे. आमच्या चिटणीसांनी मात्र मला माझ्या छंदाविषयी बोलण्याची आज्ञा केली. प्रागैतिहासिक हत्तींच्या लहान प्रतिकृती जमविणे आणि मांडणे हा तो छंद. गतकाळाचाच विषय म्हणायचा, तर माझा गतकाळ मंडळाच्या पन्नास वर्षांहून थोडा जुना आहे, इतकेच! सत्तरी उलटलेला गृहस्थ खेळण्यांविषयी बोलणार याचे आपणांस हसू आले असेल, तर ते मी आनंदाने स्वीकारतो. परंतु आज मला मौज सांगण्याबरोबर एका चुकीची कबुलीही द्यावयाची आहे.

मी मूळचा निफाड तालुक्यातला. १९७४ साली नोकरीनिमित्त बंगळूरला आलो आणि इथलाच झालो. नवरात्रात इथे घरोघरी पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात, तो ‘गोंबे हब्ब’ आमच्या घरातही आला. सर्वांत वरच्या पायरीवर लाकडी राजा-राणी, खाली चन्नपट्टणचा लाखकामाचा हत्ती, आणि पायऱ्यांसमोर आपला भोंडला. हस्त नक्षत्राचे प्रतीक म्हणून पाटावर हत्ती काढावयाचा आणि मुलींनी त्याच्याभोवती फेर धरावयाचा. कानडी पायऱ्या आणि मराठी फेर एकाच खोलीत सुखाने नांदत असत.

१९८१ साली एका सहकाऱ्याने परदेशातून येताना माझ्यासाठी केसाळ मॅमथची वीतभर प्रतिकृती आणली. पत्नीने ती कौतुकाने पायरीवर ठेवली. मी एका कार्डावर सुवाच्य अक्षरांत लिहिले, “गोदावरीच्या खोऱ्यातील प्राचीन हत्ती”. आमच्या भागात नदीकाठी प्रचंड हत्तींची हाडे सापडली आहेत, एवढे लहानपणी ऐकलेले होते. प्राचीन हत्ती म्हणजे मॅमथ, असा मी सरळ हिशेब केला. पाच वर्षे ते कार्ड तिथे होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ते वाचले आणि मुलांनी पाठ केले.

१९८६च्या भोंडल्याला शेजारची नऊ वर्षांची मुलगी त्यापुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “काका, एवढी लोकर अंगावर घेऊन ह्याला नाशकात उकडत नव्हतं का हो?” सगळे हसले. मीही हसलो, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रश्न बिनतोड होता.

मग मी वाचावयास लागलो. केसाळ मॅमथ हा उत्तरेच्या थंड गवताळ प्रदेशांतला प्राणी. गोदावरीचे पाणी तो कधीच प्याला नाही. आपल्या नदीकाठचा हत्ती निराळा. शास्त्रज्ञ त्याला आज ‘पॅलिओलोक्सोडॉन नमाडिकस’ म्हणतात, म्हणजे नर्मदेचा. निफाड तालुक्यातल्याच नांदूर मधमेश्वर येथे त्याचे अवशेष मिळाले आणि १९०५ साली भूवैज्ञानिक गाय पिलग्रिम यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. आज ते ठिकाण पक्षी अभयारण्य म्हणून सर्वांना ठाऊक आहे. ज्या पाणवठ्यावर मी बालपणी बगळे पाहिले, तिथल्या खऱ्या रहिवाशाची जागा मी एका परक्या पाहुण्याला देऊन बसलो होतो.

त्या दिवसापासून छंदाला शिस्त आली. श्लाइख, सफारी, कलेक्टा इत्यादी परदेशी कंपन्यांच्या प्रतिकृती मिळतील तशा मी जमविल्या. गुळगुळीत प्लास्टिकचे हे प्राणी बंगळूरच्या उन्हाळ्यातही पाय वाकवून बसतात. ऊन पाण्यात बुडवून पाय सरळ करावा आणि लगेच गार पाण्यात धरावा, म्हणजे तो पुन्हा ताठ उभा राहतो. खिडकीतल्या उन्हाने रंग विटतात, म्हणून कपाट आतल्या भिंतीशी ठेवावे लागते. प्रत्येक कंपनीचे प्रमाण निराळे असते, त्यामुळे मोठा प्राणी लहान व लहान मोठा दिसतो. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक प्रतिकृतीशेजारी मी तिच्याच प्रमाणात कापलेली पुठ्ठ्याची मानवाकृती ठेवतो.

पण सर्वांत अवघड काम प्लास्टिकचे नाही, कार्डाचे आहे. मंगोलियातल्या ‘प्लॅटीबेलोडॉन’चे उदाहरण घ्या. त्याचे खालचे सुळे रुंद व चपटे असत. हा प्राणी दलदलीत फावड्यासारखा जबडा चालवून पाणवनस्पती उपसत असे, असे अनेक वर्षे मानले गेले आणि प्रतिकृतीही तशाच घडल्या. १९९२ साली सुळ्यांच्या झिजेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यावरून तो सुळ्यांनी विळ्याप्रमाणे फांद्या व साली कापीत असावा, असे दिसले. जुनी प्रतिकृती मी फेकली नाही. ती खोटी नव्हे. त्या काळाला जेवढे कळले होते, तेवढे ती सांगते. मात्र तसे कार्डावर लिहिले पाहिजे.

आपल्या देशातले हत्ती तर थक्क करणारे आहेत. खंभातच्या आखातातल्या पिरम बेटावर ‘डायनोथेरियम’चे अवशेष मिळाले, त्याचे सुळे खालच्या जबड्यातून निघून जमिनीकडे वळलेले. शिवालिकच्या टेकड्यांत १८३०च्या दशकात सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक ह्यू फाल्कनर आणि पुढे गंगेचा कालवा बांधणारे अभियंते प्रोबी कॉटली यांनी असंख्य जीवाश्म गोळा केले. त्यांतल्या एका हत्तीला त्यांनी गणेशाचे नाव दिले, तोच आजचा ‘स्टेगोडॉन गणेशा’. त्याचे सुळे तीन मीटरांहून लांब आणि इतके जवळजवळ, की त्यांच्यामधून सोंड खाली सोडण्यास वाव नसावा. ती एका बाजूस वळवावी लागत असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. वक्रतुंडाच्या भक्तांना हे ऐकून गंमत वाटेल!

हा स्टेगोडॉन पूर्णाकृती पाहण्यासाठी १९८८ साली मी हिमाचल प्रदेशातल्या साकेतीला गेलो. जिथे जीवाश्म सापडतात, त्याच परिसरात १९७४ साली जीवाश्म उद्यान उघडले आणि तिथे फायबर ग्लासचे पूर्णाकृती प्राणी उभे केले. भर दुपारी त्या सुळ्यांखाली उभा असताना माझ्या मनात आले, शिवालिकच्या हत्तीला घर मिळाले. गोदावरीच्या हत्तीला माझ्या कपाटात अजून जागा नाही. अनेक दुकाने पालथी घातली, पण मॅमथ पन्नास मिळाले, नमाडिकस एकही नाही.

अखेर मी शाडू आणला. आपल्या गणपतीच्या मातीतूनच तो घडला, हे मला योग्य वाटले. सुळे फारसे न वळणारे, गंडस्थळाच्या वर कपाळावर उशीसारखा जाड हाडाचा उंचवटा, अंगावर लोकर नाही. उंची मात्र अदमासाने धरली. पुढे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९०५च्या अवशेषांतील मांडीचे हाड पूर्ण असताना सुमारे १६५ सेंटीमीटर असावे आणि त्या हत्तीची खांद्यापाशी उंची साडेचार मीटर असावी, असे अनुमान मांडले गेले. माझा हत्ती खुजा ठरला! मी तो मोडला, माती भिजवली आणि १:२० प्रमाणात साडेबावीस सेंटीमीटरांचा नवा घडविला. त्याच अभ्यासात दुसऱ्या एका हाडाच्या तुकड्यावरून ५.२ मीटर उंचीचाही अंदाज आहे. पण एका तुकड्यावर एवढा डोलारा उभारण्याचे धाडस मला झाले नाही.

आता कबुलीकडे येतो. पाच वर्षे जी मुले माझे चुकीचे कार्ड वाचून गेली, त्यांना मी परत बोलावू शकलो नाही. काही परदेशी गेली, काहींची नावेही आठवत नाहीत. कुणीतरी आज आपल्या मुलाला विश्वासाने सांगत असेल, की गोदाकाठी केसाळ हत्ती हिंडत असत. परप्रांतात आपण मुलांना जे थोडे मराठी देतो, जो थोडा गावचा इतिहास देतो, तो त्यांना पडताळून पाहता येत नाही. ती आपल्या शब्दावर विसंबतात. म्हणून आपली जबाबदारी गावाकडच्या माणसाहून अधिक आहे.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने हा सारा संग्रह मी मंडळाच्या वाचनालयाला अर्पण करीत आहे. विनंती तीनच आहेत. प्रत्येक कार्डावर दोन रकाने आहेत, ‘सापडलेले’ आणि ‘अनुमानिलेले’. ते एक करू नयेत. सर्व कार्डे मी शिसपेन्सिलीने लिहिली आहेत. नवे कळेल तेव्हा खोडून लिहावे, संकोच करू नये. आणि दर भोंडल्याला पाटावरच्या हत्तीशेजारी शाडूचा हा हत्ती ठेवावा.

ज्या मुलीने मला प्रश्न विचारला होता, ती आज आपल्या मुलीसह या सभागृहात आहे. मॅमथचे जुने कार्ड मी जपून ठेवले आहे. त्यावर आडवी रेघ मारून खाली लिहिले आहे, “चूक. एका मुलीने दाखविली, १९८६.” तेही संग्रहाबरोबर मंडळाच्या स्वाधीन करतो.