सर्वांनी मिळून लिहिलेला ज्ञानकोश



आरंभीच माझी एक चूक कबूल करतो. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने विकिपीडियावरील उतारा जसाच्या तसा प्रकल्पाच्या वहीत उतरवून आणला. त्यातील एक सन चुकीचा होता. मी न तपासता बरोबरची खूण केली. शेजारच्या मुलीने पाठ्यपुस्तक उघडून विचारले, "सर, यातले खरे कोणते?" मी निरुत्तर झालो. त्या दिवसापासून हा ज्ञानकोश कसा चालतो, हे मी शिकू लागलो.

मराठीला ज्ञानकोश नवा नाही. डॉ. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली निघालेला मराठी विश्वकोश आपणांस ठाऊक आहेत. तेथे जाणकारांनी लिहावयाचे, संपादकांनी तपासावयाचे आणि मग छापावयाचे, अशी रीत. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी १५ जानेवारी २००१ रोजी सुरू केलेल्या विकिपीडियाने हा क्रम उलटा केला. येथे आधी प्रसिद्धी, मग तपासणी. लिहिणारे स्वयंसेवक असतात. त्यांना मोबदला नसतो. २००३ पासून तो मराठीतही आहे. तो उर्दूतही आहे.

मग कोणीही काहीही लिहील, ही भीती खरी नाही काय? खरी आहे. २००५ साली जॉन सीगेन्थॉलर या अमेरिकन पत्रकाराविषयी कोणी खोटा मजकूर घातला. केनेडी यांच्या हत्येशी त्यांचा संबंध असल्याचा संशय त्यात होता. तो मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर नवा लेख सुरू करण्यासाठी नोंदणी सक्तीची झाली.

परंतु चूक सुधारण्याची सोयही तेथेच आहे. प्रत्येक लेखाला 'इतिहास' जोडलेला असतो. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला, याची नोंद त्यात राहते आणि जुना मजकूर परत आणता येतो. मतभेद झाल्यास 'चर्चा' पानावर वाद मांडावयाचा. स्वतःचे मत लिहावयाचे नाही. विश्वसनीय पुस्तकाचा वा वृत्तपत्राचा संदर्भ द्यावयाचा. दुसऱ्याचे लेखन जसेच्या तसे उचलण्यास तेथेही मनाई आहे.

याचा अर्थ असा, की येथे वाचणारालाही काम आहे. विद्यार्थी मित्रांनो, लेख वाचून थांबू नका. खाली संदर्भ आहेत काय ते पाहा, एक तरी मूळ पुस्तक उघडा, आणि मग स्वतःच्या शब्दांत लिहा. पालकांना विनंती, की मुलाने काही सांगितले तर "हे कशावरून?" एवढेच प्रेमाने विचारा. आपले शिक्षण कमी असले तरी हा प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही.

त्या चुकीच्या सनाचे काय झाले? तो मुलगा, ती मुलगी आणि मी ग्रंथालयात बसलो. दोन पुस्तके पडताळली, संदर्भ देऊन सन दुरुस्त केला. लेखाच्या इतिहासात ती दुरुस्ती नोंदलेली आहे. माझ्या वहीतील चुकीच्या खुणेवर मात्र मला लाल शाईने रेघ मारावी लागली, आणि ती मी वर्गासमोर मारली.